आईकडून बाळाला एचआयव्ही: औषध हाताशी असताना लागण होते कुठे?

एचआयव्ही असलेल्या आईने गरोदरपणात, बाळंतपणात आणि नंतर अंगावर पाजताना काहीच औषध घेतलं नाही, तर अशा १०० बाळांपैकी १५ ते ४५ बाळांना लागण होते. तीच आई सुरुवातीपासून रोज एक गोळी घेत असेल, तिच्या रक्तातला विषाणू दबलेला असेल आणि बाळाला जन्मल्या दिवसापासून सहा आठवडे पातळ औषध मिळालं, तर हा आकडा एक-दोनवर येतो. गोळी, पातळ औषध आणि लागणाऱ्या तपासण्या सरकारी केंद्रात मोफत आहेत. तरी भारतात दरवर्षी काही बाळांना आईकडून एचआयव्ही मिळतोच. अशा बाळाचे कागद मागे मागे उलगडत गेलं, की बहुतेक वेळा कुठेतरी चुकलेली एक तारीख सापडते: नोंदणीची, तपासणीची, गोळ्या संपण्याची. त्या तारखा नेमक्या कोणत्या आणि त्या का चुकतात, ते इथे पाहू.

आधी हिशेब. देशात वर्षाला जवळपास ३ कोटी बायका गरोदर राहतात. त्यांत एचआयव्ही असलेल्या साधारण २० हजार. म्हणजे दीड हजार जणींची चाचणी केली की एक सापडते. ती एक कोण हे चेहऱ्यावरून किंवा गावावरून कळत नाही, म्हणून चाचणी प्रत्येकीची. आता समजण्यापुरतं असं धरा की २० हजारांपैकी ९५ टक्के, म्हणजे १९ हजार जणी सापडल्या, सगळ्यांना नीट उपचार मिळाले आणि त्यांच्या २ टक्के बाळांना लागण झाली. ती ३८० बाळं. उरलेल्या एक हजार जणी निसटल्या. त्यांच्या बाळांपैकी एक तृतीयांश बाळांना लागण धरली तर ३३०. म्हणजे सापडलेल्या १९ हजार आणि निसटलेल्या एक हजार, दोन्हीकडे बाळं जवळपास सारखीच. शेवटच्या पाच टक्क्यांसाठी आरोग्य कर्मचारी एवढी धावपळ का करतात, ते यावरून लक्षात येईल.

जागतिक आरोग्य संघटना एखाद्या देशाने ही लागण संपवली असं मान्य करते, तेव्हा ती शून्य मागत नाही. जिथे आया अंगावर पाजतात, तिथे एचआयव्ही असलेल्या आयांच्या १०० बाळांमागे ५ पेक्षा कमी बाळांना लागण, आणि एक लाख जिवंत जन्मांमागे नवी लागण ५० पेक्षा जास्त नको. शिवाय गरोदरपणातली तपासणी, एचआयव्ही व सिफिलिसची (हाही आईकडून बाळाला जाणारा गुप्तरोग) चाचणी आणि उपचार, हे तिन्ही किमान ९५ टक्के जणींपर्यंत पोचलेले हवेत. हा टप्पा क्यूबाने २०१५ मध्ये पहिल्यांदा गाठला, थायलंडने २०१६ मध्ये, श्रीलंकेने २०१९ मध्ये. भारतात एचआयव्हीचं प्रमाण मुळात कमी, प्रौढांमध्ये ०.२ टक्क्यांच्या आसपास. त्यामुळे लाखामागे ५० हा निकष आपल्याला जड जात नाही. गाडी अडते ती १०० मागे ५ वर.

इथवर यायलाही बरीच वर्षं लागली. राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटना, म्हणजे नॅको, १९९२ मध्ये सुरू झाली. आईकडून बाळाला होणारी लागण रोखण्याचा देशव्यापी कार्यक्रम २००२ चा. तेव्हा कळा सुरू झाल्यावर आईला नेव्हिरॅपिनची एक गोळी आणि जन्मल्यावर बाळाला एक डोस, एवढाच उपाय होता. लागण अर्ध्याच्या आसपास कमी व्हायची, पण आईच्या स्वतःच्या आजाराला त्याचा उपयोग नव्हता आणि विषाणू त्या औषधाला सरावायचा. बाळाला एका डोसऐवजी सहा आठवडे नेव्हिरॅपिन द्यावं का, यावर इथिओपिया, युगांडा आणि आपल्या पुण्यात अभ्यास झाला. २००८ मध्ये त्याचे निष्कर्ष आले: सहा आठवड्यांच्या वयाला लागण ५.३ टक्क्यांवरून २.५ टक्क्यांवर आलेली होती. आज बाळाला सहा आठवडे औषध देतात, त्यामागे पुण्यातल्या आयांचाही वाटा आहे. पुढे जानेवारी २०१४ पासून प्रत्येक पॉझिटिव्ह गरोदर मातेला तीन औषधांचा उपचार, तोही आयुष्यभर, असं धोरण आलं. २०१७ पासून तर सगळ्यांसाठीच, सीडी४ (रक्तातल्या रोगाशी लढणाऱ्या पेशींचा आकडा) कितीही असो, निदान झालं की उपचार सुरू.

पहिली तारीख: पहिले तीन महिने

पाळी चुकल्यावर आशाताईंकडे नाव नोंदवायचं आणि पहिल्या तिमाहीतच एचआयव्ही व सिफिलिसची चाचणी करून घ्यायची. उपकेंद्रात किंवा प्राथमिक आरोग्य केंद्रात बोटातून रक्ताचा थेंब घेतात. दोन्ही आजार एकाच पट्टीवर तपासणारं किट आता मिळतं, निकाल अर्ध्या तासात येतो. दर महिन्याच्या ९ तारखेला प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानात डॉक्टरांकडून तपासणी होते, तेव्हाही ही चाचणी होऊ शकते.

उपकेंद्रातल्या चाचणीत रेघ उमटली तर तिला 'पॉझिटिव्ह' म्हणायचं नसतं. ती फक्त पहिली चाळणी. त्या बाईला आयसीटीसीत, म्हणजे समुपदेशन आणि चाचणी केंद्रात पाठवतात. तिथे शिरेतून रक्त घेऊन वेगवेगळ्या पद्धतीच्या तीन किटवर तपासतात. तिन्ही जुळल्या तरच निदान पक्कं. पण उपकेंद्रातून आयसीटीसीत 'जा' म्हटलं आणि बाई गेलीच नाही, असं होतं. एसटीचं भाडं, बुडणारी मजुरी, सासूला काय सांगायचं हा प्रश्न. म्हणून चिठ्ठी हातात देऊन मोकळं होण्यापेक्षा एएनएम, म्हणजे उपकेंद्रातल्या नर्सताई, किंवा आशाताई सोबत गेल्या, तर ती बाई पोचते.

खासगी दवाखान्यात चाचणी बहुधा होते, पण समुपदेशन होतंच असं नाही. पॉझिटिव्ह आलेल्या बाईला 'मोठ्या दवाखान्यात जा' एवढंच सांगितलं, तर ती कुठल्याच नोंदवहीत येत नाही. एचआयव्ही आणि एड्स प्रतिबंध व नियंत्रण कायदा १० सप्टेंबर २०१८ पासून लागू आहे. संमतीशिवाय चाचणी करायची नाही, निकाल गुप्त ठेवायचा, आणि एचआयव्ही आहे म्हणून बाळंतपण नाकारायचं नाही, हे सरकारी आणि खासगी दोघांनाही बंधनकारक आहे.

दिवाळीनंतर बीड, जालना, अहिल्यानगरकडून ऊसतोडीला जाणाऱ्या बायकांची पहिली तिमाही कोपीवरच, म्हणजे फडाजवळच्या झोपडीतच जाते. गावात नाव नाही आणि कारखान्याच्या भागातही नाही. अशी बाई कधी कधी थेट कळा सुरू झाल्यावरच दवाखान्यात येते. तेव्हा प्रसूतिगृहातच एक झटपट चाचणी करतात. रेघ आली तर पक्क्या निदानाची वाट न पाहता आईला गोळी सुरू करतात आणि बाळाला दोन औषधं. उशीर झालेला असतो, तरी बाळ वाचवता येतं.

रोजची गोळी आणि लोहाची गोळी

निदान पक्कं झालं की एआरटी केंद्र. एआरटी म्हणजे एचआयव्ही दाबून ठेवणारी औषधं. आज बहुतेक गरोदर मातांना टीएलडी नावाची एकच गोळी मिळते: टेनोफोव्हिर ३०० मिलिग्रॅम, लॅमिव्हुडिन ३०० मिलिग्रॅम आणि डोल्युटेग्रॅव्हिर ५० मिलिग्रॅम. डोल्युटेग्रॅव्हिरमुळे बाळाच्या मणक्यात दोष येतो अशी शंका २०१८ मध्ये निघाली होती. पुढे मोठ्या संख्येने बाळंतपणं तपासल्यावर ती टिकली नाही. गरोदर मातेने भीतीपोटी गोळी थांबवू नये. हे औषध विषाणू फार वेगाने खाली आणतं, आणि उशिरा सापडलेल्या मातेला हाच वेग कामाला येतो.

एक गोष्ट मात्र बऱ्याच जणींना कुणी नीट सांगत नाही. गरोदर बाईला लोह-फॉलिक ॲसिडची रोज एक आणि कॅल्शियमच्या दोन गोळ्या मिळतात. लोह आणि कॅल्शियम पोटात डोल्युटेग्रॅव्हिरला चिकटतात आणि ते रक्तात कमी उतरतं. तिन्ही गोळ्या रिकाम्या पोटी एकदम घेतल्या, की एआरटी 'रोज घेते' असं खरं सांगूनही विषाणू नीट दबत नाही. नियम सोपा आहे: टीएलडी ही लोह-कॅल्शियमच्या दोन तास आधी किंवा सहा तास नंतर. कॅल्शियम सकाळच्या नाश्त्याला आणि दुपारच्या जेवणाला, लोह चारच्या सुमारास, टीएलडी रात्री दहाला, असं वेळापत्रक जमतं. वेळा पाळणं अगदीच जमत नसेल तर जेवणासोबत सगळ्या एकत्र घेतलेल्या चालतात, फक्त उपाशीपोटी नकोत. ॲसिडिटीच्या पांढऱ्या पातळ औषधालाही हेच अंतर ठेवायचं. आणि टीबीचं रिफाम्पिसिन चालू असेल तर बारा तासांनी डोल्युटेग्रॅव्हिरची ५० मिलिग्रॅमची आणखी एक गोळी लागते. ती केंद्रातले डॉक्टरच सुरू करतात.

३२ ते ३६ आठवड्यांच्या दरम्यान व्हायरल लोड, म्हणजे रक्तात विषाणू किती आहे, ते तपासायचं. बाळाला जन्मल्यावर एक औषध द्यायचं की दोन, हे या एका कागदावर ठरतं. मिलिलिटरला १,००० प्रतींपेक्षा कमी असेल तर विषाणू दबलेला धरतात. तपासणी झालीच नाही, तर ते बाळ जास्त जोखमीचं धरायचं. सिझेरियन एचआयव्हीसाठी म्हणून करत नाहीत. बाळंतपणाच्या दृष्टीने गरज असेल तरच. पाणमोट मुद्दाम फोडणं, विनाकारण छेद देणं किंवा चिमटा लावणं टाळायचं, एवढी काळजी प्रसूतिगृहात घेतात.

सातवा महिना आणि माहेर

आपल्याकडे पहिलं बाळंतपण माहेरी. सातव्या महिन्यात डोहाळजेवण झालं की मुलगी माहेरी जाते आणि बाळ दोन-तीन महिन्यांचं झाल्यावर परत येते. या कार्यक्रमाच्या दृष्टीने सगळ्यात नाजूक काळ नेमका हाच: ३२ व्या आठवड्याचा व्हायरल लोड, बाळंतपण, बाळाचं पातळ औषध, सहाव्या आठवड्याची तपासणी, चारही गोष्टी माहेरच्या जिल्ह्यात येतात आणि तिची फाईल सासरच्या जिल्ह्यात. त्यात नवऱ्याला निदान माहीत असतं, आई-वडिलांना नसतं, किंवा उलटंही. गोळ्यांची बाटली कुठे ठेवायची इथपासून प्रश्न सुरू होतात.

यावर उपाय आहेत, फक्त ते निघण्याआधी करावे लागतात. सहाव्या महिन्यातच एआरटी केंद्रात सांगायचं: कुठल्या गावी, किती दिवस, तिथला जवळचा सरकारी दवाखाना कोणता. केंद्र माहेरच्या केंद्राला कळवतं, चिठ्ठी देतं. जाताना निदान एक जास्तीचा महिना पुरतील एवढ्या गोळ्या मागून घ्यायच्या. वाटेत गोळ्या संपल्या तर देशातल्या कुठल्याही एआरटी केंद्रात हिरवं पुस्तक किंवा कार्ड दाखवून तात्पुरता साठा मिळतो, हे लक्षात ठेवावं. समुपदेशकाचा मोबाइल नंबर वेगळ्या नावाने फोनमध्ये ठेवणाऱ्या बायका असतात. त्यात काही चुकीचं नाही. राष्ट्रीय एड्स हेल्पलाइन १०९७ मोफत आहे, मराठीत बोलता येतं आणि नाव सांगावं लागत नाही.

बाळाचं पातळ औषध

जन्मल्यावर जितक्या लवकर जमेल तितक्या लवकर, शक्यतो पहिल्या काही तासांतच, नेव्हिरॅपिन सुरू करायचं. पातळ औषधात दर मिलिलिटरला १० मिलिग्रॅम असतं. जन्मवजन अडीच किलोपेक्षा जास्त असेल तर दिवसातून एकदा दीड मिलिलिटर, दोन ते अडीच किलोला एक मिलिलिटर, दोन किलोखालच्या बाळाला किलोमागे दोन मिलिग्रॅम या हिशेबाने. आई नीट उपचारावर असेल तर सहा आठवडे. एचआयव्हीचा दुसरा प्रकार, एचआयव्ही-२, असलेल्या आईच्या बाळाला नेव्हिरॅपिन लागू पडत नाही, तिथे झिडोव्हुडिन देतात.

आई एआरटीवर नव्हती, बाळंतपणाच्या आसपासच निदान झालं, व्हायरल लोड दबलेला नव्हता किंवा केलाच नव्हता, अशा वेळी नेव्हिरॅपिनबरोबर झिडोव्हुडिनही दिवसातून दोनदा. बाळ अंगावर पीत असेल तर ही दोन औषधं १२ आठवडे, फक्त वरच्या दुधावर असेल तर सहा.

मात्रा चमच्याने मोजायची नाही. घरातला चहाचा चमचा कुणाचा तीन मिलिलिटरचा, कुणाचा सहाचा. सुई नसलेली सिरिंज किंवा बाटलीसोबतचा ड्रॉपर वापरायचा आणि बाळाला सांगितलेल्या मात्रेच्या रेघेवर चिकटपट्टीचा तुकडा लावून ठेवायचा, म्हणजे रात्री झोपेतही घरातल्या दुसऱ्या माणसाची चूक होत नाही. बाटली आधी हलवून घ्यायची. बाळाने औषध लगेच ओकलं तर पुन्हा द्यावं का, हे नर्सला फोन करून विचारावं. सहा आठवडे पुरे झाल्यावर कोट्रायमॉक्साझोल सुरू होतं, न्यूमोनियासारख्या जंतुसंसर्गापासून वाचवायला, आणि बाळाला लागण नाही हे पक्कं होईपर्यंत चालू राहतं.

दूध, आणि गुटी

पॉझिटिव्ह आईने अंगावर पाजू नये, असा समज अजून पक्का आहे. आई एआरटीवर असेल तर पहिले सहा महिने फक्त अंगावरचं दूध, हाच सल्ला आहे. अस्वच्छ पाण्यातलं, पातळ केलेलं वरचं दूध पाजून बाळाला जुलाब आणि कुपोषण होण्याचा धोका त्याहून मोठा. वरच्या दुधाचा निर्णय घ्यायचाच असेल तर तो पूर्ण घ्यावा लागतो: उकळलेलं पाणी, रोज पुरेल एवढे पैसे, सहा महिने खंड नाही.

सगळ्यात वाईट ते दोन्ही मिसळणं. आपल्या घरांत 'फक्त अंगावर' म्हणताना गुटी मोजलीच जात नाही. सहाणेवर उगाळलेलं वेखंड, जायफळ, बदाम, चाटण म्हणून मध, पोटदुखीला ग्राइप वॉटर. बाळाच्या आतड्याचं अस्तर अजून कोवळं असतं; बाहेरच्या पदार्थांनी त्याला जागोजागी सूज आणि बारीक इजा होते आणि दुधातून आलेल्या विषाणूला वाट मिळते. समुपदेशन करताना आजीला खोलीत बोलावून, निदानाचा उल्लेख न करता, 'डॉक्टरांनी सहा महिने पाणीही नको म्हटलंय' एवढं सांगितलं तरी काम होतं. सहा महिन्यांनंतर मऊ भात, वरण सुरू करून पाजणं किमान वर्षभर चालू ठेवायचं. पाजणं चालू आहे तोवर आईची एकही गोळी चुकायला नको.

निपल फुटलं, स्तनात गळू झालं, तर त्या बाजूचं पाजणं बरं होईपर्यंत थांबवून दुसऱ्या बाजूने पाजायचं आणि दवाखाना गाठायचा.

टाचेवरचा थेंब

बाळाच्या रक्तात आईची प्रतिपिंडं (विषाणूविरुद्ध शरीराने बनवलेली प्रथिनं, साधी चाचणी हीच शोधते) १८ महिन्यांपर्यंत राहू शकतात. म्हणून मोठ्यांची साधी चाचणी बाळावर केली तर लागण नसलेलं बाळही पॉझिटिव्ह दिसतं. लहान बाळात थेट विषाणूचा जनुकीय अंश शोधावा लागतो. त्यासाठी सहा आठवड्यांचं झाल्यावर, पहिल्या लसीच्याच वेळी, सुकलेल्या रक्ताच्या थेंबांचा नमुना घेतात. त्याला केंद्रात सगळे डीबीएस म्हणतात.

काम नाजूक आहे. बाळाचा पाय कोमट कपड्याने गरम करून टाचेच्या कडेला टोचतात. मधोमध टोचलं तर हाडाला इजा होऊ शकते. पुसलेलं स्पिरिट पूर्ण वाळू द्यायचं, नाहीतर रक्त बिघडतं. पहिला थेंब कापसाने पुसून टाकायचा. पुढचा मोठा थेंब लोंबू लागला की कार्डावरच्या गोलाला टेकवायचा, एका गोलाला एकच थेंब, कागदाच्या पाठीमागेही उतरेल एवढा. टाच पिळली की रक्तात पेशींमधलं पाणी मिसळतं. थेंबावर थेंब टाकला की थर साचतात. दोन्हींत नमुना वाया. कार्ड आडवं ठेवून किमान चार तास सावलीत सुकवायचं. पंखा, ऊन, ड्रायर काही नको. मग ग्लासिन कागदात गुंडाळून, ओलावा शोषणाऱ्या पुड्यांसह झिपच्या पिशवीत. कोकणात पावसाळ्यात चार तास पुरत नाहीत, हे अनुभवी तंत्रज्ञांना माहीत असतं.

नमुना नाकारला गेला की बाळाला पुन्हा बोलवावं लागतं, आणि तोवर आई माहेरहून सासरी गेलेली असते. त्यामुळे टाचेवरचा तो एक थेंब नीट घेणं किती महत्त्वाचं, ते सांगायला नको. निकाल पॉझिटिव्ह आला तर दुसरा नमुना पक्का करायला घेतात, पण त्याची वाट न पाहता बाळाचं औषध सुरू करतात. लागण झालेल्या बाळांना उपचार मिळाले नाहीत, तर त्यांतली जवळपास निम्मी दोन वर्षांची होण्याआधी दगावतात.

नवऱ्याची चाचणी

गरोदरपणाच्या सुरुवातीला निगेटिव्ह आलेली बाई नंतर, पाजत असतानाही, पॉझिटिव्ह होऊ शकते. नवी लागण झाल्यावरच्या पहिल्या आठवड्यांत रक्तात आणि दुधात विषाणू प्रचंड असतो आणि कुणाला त्याचा पत्ता नसतो. म्हणून नवऱ्याची चाचणी बायकोइतकीच गरजेची. तो पॉझिटिव्ह आणि ती निगेटिव्ह असेल तर तिची चाचणी शेवटच्या तिमाहीत आणि पाजण्याच्या काळात पुन्हा करायची, निरोध वापरायचा, आणि त्याचा व्हायरल लोड दबवायचा.

सिफिलिसचं तर आणखी सोपं आहे. बेन्झाथिन पेनिसिलिनचं २४ लाख युनिटचं इंजेक्शन, बाळंतपणाच्या किमान ३० दिवस आधी दिलं की बाळ वाचतं. नवऱ्यालाही द्यायचं, नाहीतर आजार परत येतो.

सहा महिने आणि बारा महिने पूर्ण झाल्यावर बाळाची पुन्हा तपासणी असते, आणि शेवटची १८ महिन्यांना. आधीचे सगळे निकाल निगेटिव्ह असले तरी ही शेवटची सोडायची नाही. तेव्हा आईची प्रतिपिंडं गेलेली असतात, म्हणून मोठ्यांसारख्याच तीन किटवर चाचणी करता येते. बाळ १८ महिन्यांनंतरही अंगावर पीत असेल, तर पाजणं पूर्ण थांबल्यावर तीन महिन्यांनी आणखी एकदा यायचं.